संगणकाच्या पोटात संगणक

जुने सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर जिवंत ठेवण्याची युक्ती आणि तिच्या मर्यादा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या ऑपरेटिंग सिस्टिमचा नियमित पाठिंबा संपविला आणि अनेक घरांत व लहान कार्यालयांत नव्या संगणकाचा विचार सुरू झाला. नवा संगणक येतो, त्यावर 'विंडोज ११' असते, पडदा सुरेख दिसतो, इंटरनेट झपाट्याने चालते. मात्र पंधरा-वीस वर्षे ज्या सॉफ्टवेअरमध्ये हिशेब ठेवले, सभासदांच्या याद्या केल्या, पत्रिका आणि अहवाल जुळविले, ते सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. सीडी आहे, परवाना आहे, फायलीही जपून ठेवल्या आहेत. पण त्या उघडणारे यंत्र उरलेले नाही.

अशा वेळी बहुतेक जण जुना संगणक कोपऱ्यात ठेवून गरजेपुरता चालू करतात. त्याची हार्ड डिस्क बंद पडली की तो मार्गही संपतो. याला एक चांगला पर्याय आहे. नव्या संगणकातच एक जुना संगणक निर्माण करता येतो. तो लाकडी टेबलावर नसतो, तर केवळ सॉफ्टवेअरच्या रूपात असतो. त्याला 'व्हर्च्युअल मशीन' म्हणजेच आभासी संगणक म्हणतात. हे तंत्र मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरपुरते मर्यादित नाही. साधारण क्षमतेच्या घरगुती संगणकावरही ते चालते आणि त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर मोफत मिळू शकते.

जुने सॉफ्टवेअर का अडते?

सॉफ्टवेअर थेट यंत्राशी बोलत नाही. फाइल उघडणे, पडद्यावर अक्षर दाखविणे, कागद छापणे या प्रत्येक कामासाठी ते ऑपरेटिंग सिस्टिमकडे मागणी करते. ही मागणी करण्याची पद्धत बदलली की जुन्या सॉफ्टवेअरला उत्तर मिळेनासे होते.

डॉस आणि विंडोज ३.१ यांच्या काळातील बरीच सॉफ्टवेअर १६-बिट पद्धतीची होती. ६४-बिट विंडोज ती चालवू शकत नाही आणि विंडोज ११ केवळ ६४-बिट स्वरूपातच उपलब्ध आहे. त्यानंतरची ३२-बिट सॉफ्टवेअर आजही मोठ्या प्रमाणावर चालतात. पण ज्यांना सोबत खास ड्रायव्हर लागतो त्यांची अडचण होते, कारण ६४-बिट विंडोज ३२-बिट ड्रायव्हर स्वीकारत नाही. जुनी छपाईयंत्रे, स्कॅनर किंवा सॉफ्टवेअरची चोरी रोखण्यासाठी संगणकाच्या मागे लावावयाचे छोटे 'कुलूप' येथे अडखळतात.

मराठी वाचकांसाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी देवनागरी मजकूर निरनिराळ्या फॉन्टच्या आधारे साठविला जाई. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी असे. पुण्याच्या सी-डॅकचे 'आयएसएम' आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्रीलिपि' ही त्या काळातील परिचित नावे. अशी जुनी फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो, तो वाचण्याची किल्ली हरवलेली असते. कित्येक संस्थांच्या स्मरणिका, इतिवृत्ते आणि लेखकांची हस्तलिखिते अशा फायलींत अडकलेली आहेत.

पाहुणा आणि यजमान

एकाच संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवण्याची जुनी रीत म्हणजे हार्ड डिस्कचे दोन भाग करणे. संगणक सुरू करताना कोणती सिस्टिम हवी ते निवडावयाचे. या रीतीत एका वेळी एकच सिस्टिम चालते आणि दुसरीकडे जावयाचे तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. शिवाय जुन्या सिस्टिमला नव्या यंत्राचे भाग ओळखता आले पाहिजेत. 'विंडोज एक्सपी'ला आजच्या संगणकातील बरेच भाग ओळखताच येत नाहीत.

व्हर्च्युअल मशीनमध्ये दोन्ही सिस्टिम एकाच वेळी चालतात. संगणकावर मूळची जी सिस्टिम आहे ती यजमान. तिच्यावर खिडकीत चालणारी दुसरी सिस्टिम ही पाहुणी. दोघींच्या मध्ये 'हायपरव्हायजर' नावाचे सॉफ्टवेअर असते. ते पाहुण्या सिस्टिमला एक संपूर्ण संगणक असल्याचा भास निर्माण करून देते. पाहुणीला हार्ड डिस्क दिसते. प्रत्यक्षात ती यजमानाच्या डिस्कवरील एक मोठी फाइल असते. तिला नेटवर्क कार्ड, ध्वनी कार्ड आणि पडदा दिसतो. ही सगळी उपकरणे सॉफ्टवेअरने रंगविलेली असतात. ती उपकरणे जाणूनबुजून जुन्या, सर्वपरिचित नमुन्याची ठेवलेली असतात. म्हणूनच २००१ साली बाजारात आलेली विंडोज एक्सपी आजच्या संगणकाच्या पोटातही बिनतक्रार सुरू होऊ शकते. तिच्या दृष्टीने काळ पुढे सरकलेलाच नसतो.

प्रोसेसरची गोष्ट मात्र वेगळी आहे. पाहुणीच्या बहुतेक सूचना खरा प्रोसेसरच थेट पार पाडतो. त्यामुळे वेगात फार घट होत नाही. व्हर्च्युअल मशीन आणि 'एम्युलेटर' यांतील मुख्य फरक हाच. एम्युलेटर वेगळ्या जातीच्या प्रोसेसरची नक्कल करतो आणि प्रत्येक सूचनेचे भाषांतर करत बसतो, म्हणून तो पुष्कळ मंद असतो.

साठच्या दशकातील कल्पना

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील केंब्रिज येथील आयबीएमच्या संशोधन केंद्रात १९६४ मध्ये 'सीपी-४०' या प्रकल्पाचे काम सुरू झाले. त्या काळी एक संगणक खोलीभर जागा व्यापत असे आणि त्याची किंमत अवाढव्य असे. अनेकांनी एकच यंत्र वापरावे, पण प्रत्येकाला ते आपल्या एकट्याचेच वाटावे, हा त्यामागचा विचार होता. त्यातून पुढे 'सीपी-६७' आणि १९७२ मध्ये जाहीर झालेली 'व्हीएम/३७०' ही प्रणाली निर्माण झाली. तिचा वंश आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर आजही नांदतो आहे.

जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोन संशोधकांनी १९७४ मध्ये या तंत्राला शास्त्रीय बैठक दिली. आभासी संगणकाकडून त्यांनी तीन अपेक्षा मांडल्या. त्यातील सॉफ्टवेअरचे वर्तन खऱ्या यंत्रावरच्यासारखेच असावे. बहुतेक सूचना खऱ्या प्रोसेसरने थेट पार पाडाव्यात. आणि यंत्राच्या साधनांवर अखेरचा ताबा नियंत्रक सॉफ्टवेअरचाच असावा. या अपेक्षा आजही प्रमाण मानल्या जातात.

घरगुती संगणकावर ही कल्पना येण्यास मात्र बराच काळ लागला, कारण इंटेलच्या 'एक्स८६' घराण्यातील प्रोसेसरची रचना तिला अनुकूल नव्हती. ऑपरेटिंग सिस्टिमला प्रोसेसरवर विशेष अधिकार असतात. साध्या सॉफ्टवेअरला ते नसतात. पाहुण्या सिस्टिमला विशेष अधिकार देता येत नाहीत, नाही तर ती सगळ्या यंत्राचाच ताबा घेईल. तिने अधिकाराबाहेरची सूचना दिली की प्रोसेसरने काम थांबवून हायपरव्हायजरला खबर द्यावी आणि त्याने ती परिस्थिती हाताळावी, असा मूळ बेत. पण या प्रोसेसरमधील काही सूचना अशा होत्या की अधिकार नसताना त्या दिल्या तर प्रोसेसर तक्रार न करता निमूटपणे काहीतरी वेगळेच करी. खबर मिळाली नाही तर हायपरव्हायजर हाताळणार काय? २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेंटियम प्रोसेसरमधील अशा १७ सूचना दाखविण्यात आल्या.

या अडचणीतून वाट काढली ती स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून १९९८ मध्ये उभ्या राहिलेल्या 'व्हीएमवेअर' या कंपनीने. मेंडेल रोझेनब्लूम, डायान ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी पद्धत वापरली की पाहुण्या सिस्टिमचा अडचणीचा भाग चालण्यापूर्वीच तपासावयाचा आणि घातक सूचनांच्या जागी निरुपद्रवी सूचना बसवावयाच्या. १९९९ मध्ये कंपनीचे पहिले उत्पादन बाजारात आले. पुढे प्रोसेसरच्या उत्पादकांनीच रचना सुधारली. इंटेलने २००५ च्या अखेरीस आणि एएमडीने २००६ मध्ये आभासी संगणकासाठी खास सोय असलेले प्रोसेसर आणले. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक सर्व संगणकांत ही सोय असते. फक्त ती चालू आहे की नाही, हे पाहावे लागते.

प्रत्यक्षात काय करावयाचे?

घरगुती वापरासाठी 'व्हर्च्युअलबॉक्स' हे सॉफ्टवेअर सोयीचे आहे. जर्मनीतील इनोटेक कंपनीने ते तयार केले आणि २००७ मध्ये त्याची मुक्त आवृत्ती उपलब्ध केली. २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली आणि २०१० मध्ये सन ही कंपनीच ओरॅकलकडे गेली. त्याचे मूळ सॉफ्टवेअर मोफत आहे. सोबतच्या 'एक्स्टेंशन पॅक' या जोडसंचाला मात्र व्यावसायिक वापरासाठी वेगळा परवाना लागतो. व्हीएमवेअरचे 'वर्कस्टेशन प्रो' हेही नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांसाठी विनामूल्य करण्यात आले.

प्रथम यजमान संगणकाची तयारी तपासावी. विंडोजमधील 'टास्क मॅनेजर' उघडून 'परफॉर्मन्स' या भागात 'व्हर्च्युअलायझेशन' शब्दापुढे 'एनेबल्ड' असे दिसले पाहिजे. तसे नसेल तर संगणक सुरू होतानाच्या बायोस सेटिंगमध्ये ती सोय चालू करावी लागते. इंटेलच्या यंत्रांत तिचे नाव 'व्हीटी-एक्स' किंवा 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी', तर एएमडीच्या यंत्रांत 'एसव्हीएम' असे असते.

त्यानंतर व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवे मशीन तयार करताना तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : पाहुणी सिस्टिम कोणती, तिला रॅम किती आणि डिस्क किती. दिलेली रॅम पाहुणी चालू असेपर्यंत यजमानाच्या वाट्यातून कमी होते, हे ध्यानात ठेवावे. विंडोज एक्सपीला १ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क भरपूर होते. उबुंटू लिनक्ससारख्या आधुनिक सिस्टिमला निदान ४ जीबी रॅम आणि २५ जीबी डिस्क द्यावी. म्हणजे यजमानाकडे मुळात ८ जीबी तरी असावी. डिस्कची फाइल सुरुवातीला लहान असते आणि आतील मजकूर वाढेल तशी ती वाढत जाते.

यानंतर मूळ सीडीची प्रतिमा म्हणजे 'आयएसओ' फाइल जोडून मशीन सुरू केले की नेहमीसारखी स्थापना सुरू होते. ती आटोपल्यावर 'गेस्ट ॲडिशन्स' हा पूरक संच बसवावा. त्यामुळे खिडकीचा आकार बदलता येतो, माउस आत-बाहेर सहज फिरतो आणि दोन्ही सिस्टिममध्ये फायलींची देवाणघेवाण होऊ शकते. खिडकीच्या तळाशी हिरव्या कासवाचे चिन्ह दिसले तर समजावे की मायक्रोसॉफ्टचे 'हायपर-व्ही' आधीपासून चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावे लागत आहे. अशा वेळी वेग मंदावू शकतो.

या तंत्राची एक सोय मोलाची आहे. चालू स्थितीची नोंद 'स्नॅपशॉट'च्या रूपाने ठेवता येते आणि काही बिघडले तर क्षणात मागे जाता येते. मात्र स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो मूळ डिस्कच्या फाइलवरच अवलंबून असतो. ती गेली तर तोही जातो. पाहुणी सिस्टिम बंद करून तिची संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवणे हाच खरा बॅकअप होय. येथे एक फायदाही आहे. यजमान संगणक बदलला तरी ही फोल्डर नव्या यंत्रावर नेता येते. एकदा नीट बसविलेले जुने सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे लागत नाही.

ज्यांना केवळ सराव करावयाचा आहे त्यांनी आरंभ लिनक्सपासून करावा. ते विनामूल्य असल्याने परवान्याचा प्रश्न येत नाही आणि काही चुकले तर खिडकी बंद करून मशीन पुसून टाकता येते. मूळ संगणकाला धक्का लागत नाही.

दारे कोणती उघडी ठेवावीत?

व्हर्च्युअल मशीन ही एक बंद खोली आहे, म्हणून ती सुरक्षित आहे, असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धसत्य होय. खोलीच्या भिंती मजबूत असतात; पण दारे आपणच उघडत असतो.

विंडोज एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. त्यानंतर सापडलेल्या उणिवा त्या सिस्टिममध्ये तशाच राहिल्या आहेत. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर सॉफ्टवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा परिस्थितीचे गांभीर्य ओळखून मायक्रोसॉफ्टने पाठिंबा संपलेल्या एक्सपीसाठीही अपवाद म्हणून दुरुस्ती दिली. पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या'च्या हल्ल्यात मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. दोन्ही हल्ल्यांत विंडोजच्या फाइल-देवाणघेवाणीच्या व्यवस्थेतील एकाच उणिवेचा उपयोग करण्यात आला होता आणि ते नेटवर्कमधून एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पसरत गेले. आभासी संगणकातील एक्सपी इंटरनेटला जोडली तर ती खऱ्या यंत्रावरील एक्सपीइतकीच दुबळी असते.

म्हणून पहिला नियम असा, की जुन्या पाहुणीला नेटवर्क देऊ नये. सेटिंग्जमधील 'नेटवर्क' विभागात 'नॉट अटॅच्ड' निवडावे. हिशेबाच्या किंवा अक्षरजुळणीच्या जुन्या सॉफ्टवेअरला इंटरनेटची गरज क्वचितच असते. 'नॅट' या पर्यायात पाहुणी बाहेर जाऊ शकते, पण बाहेरच्यांना तिच्यापर्यंत सहजी पोहोचता येत नाही. 'ब्रिज्ड' या पर्यायात मात्र ती कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये स्वतंत्र यंत्राप्रमाणे उभी राहते. जुन्या सिस्टिमसाठी हा पर्याय सर्वांत धोक्याचा.

दुसरे दार सामायिक फोल्डरचे. यजमानाची संपूर्ण 'डॉक्युमेंट्स' फोल्डर पाहुणीला दाखविली तर पाहुणीत शिरलेले खंडणीखोर सॉफ्टवेअर त्या फायलीही कुलूपबंद करू शकते. त्यामुळे देवाणघेवाणीसाठी एक लहान, स्वतंत्र फोल्डर ठेवावी, काम झाले की ती रिकामी करावी आणि शक्य तेथे ती पाहुणीला केवळ वाचण्यापुरती खुली करावी. अनोळखी पेन ड्राइव्ह थेट पाहुणीला जोडू नये.

भिंतीही अगदीच अभेद्य नसतात. मे २०१५ मध्ये 'व्हेनम' नावाची उणीव उजेडात आली. ती होती आभासी फ्लॉपी ड्राइव्हच्या नियंत्रकात. फ्लॉपी कोणी वापरत नसले तरी तिची नक्कल करणारा मजकूर सॉफ्टवेअरमध्ये २००४ पासून तसाच होता आणि त्याच्याद्वारे पाहुण्यातून निसटून यजमानापर्यंत पोहोचणे शक्य होते. ती उणीव लगेच दुरुस्त करण्यात आली. धडा सरळ आहे : पाहुणी सिस्टिम जुनी असली तरी यजमान सिस्टिम आणि हायपरव्हायजर यांची आवृत्ती अद्ययावत असलीच पाहिजे. वापरात नसलेली आभासी उपकरणे सेटिंग्जमधून काढून टाकावीत.

मर्यादांचे भान

आभासी संगणक असला तरी परवाना खराच लागतो. विंडोजची प्रत पाहुणी म्हणून चालवावयाची तर तिचा स्वतंत्र परवाना हवा. जुन्या संगणकाबरोबर आलेला परवाना बहुधा त्या यंत्रापुरताच असतो. तो नव्या यंत्राच्या पोटात आपोआप लागू होत नाही.

ॲपलने नोव्हेंबर २०२० पासून आपल्या संगणकांत स्वतःचे 'एआरएम' जातीचे प्रोसेसर वापरण्यास सुरुवात केली. त्या मॅकवर आभासी संगणकात एआरएमसाठी तयार केलेली विंडोज ११ चालते, पण इंटेलसाठी लिहिलेली विंडोज एक्सपी चालवावयाची तर एम्युलेटर लागतो आणि वेग फार कमी होतो. संगणक निवडतानाच हा विचार केलेला बरा.

सॉफ्टवेअरचे 'कुलूप' यूएसबी प्रकारचे असेल तर ते पाहुणीच्या स्वाधीन करता येते आणि अनेकदा चालतेही. संगणकाच्या मागच्या रुंद प्रिंटर पोर्टवर बसणारे कुलूप असेल तर नव्या संगणकावर बहुधा तो पोर्टच नसतो. अशा स्थितीत जुना संगणक चालू आहे तोवरच त्यातील माहिती बाहेर काढणे शहाणपणाचे.

खरे तर हाच सल्ला सर्वांनाच लागू आहे. आभासी संगणक जुन्या सॉफ्टवेअरचे आयुष्य वाढवितो, त्याला अमर करीत नाही. कधीतरी सीडीची प्रत खराब होईल, परवान्याचा क्रमांक हरवेल किंवा ते सॉफ्टवेअर चालविता येणारी एकमेव व्यक्ती निवृत्त होईल. म्हणून मिळालेला वेळ सत्कारणी लावावा. हिशेबाच्या नोंदी साध्या तक्त्यांच्या स्वरूपात बाहेर काढाव्यात. जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून मूळ पानाशी ताडून पाहावा. रूपांतरात जोडाक्षरे, रफार आणि पहिली वेलांटी यांच्या चुका हमखास राहतात आणि त्या माणसाच्या डोळ्यांनीच सापडतात. मूळ पान जसे दिसत होते तसे दाखविणारा संगणक हाताशी असेल तरच हे काम नेमकेपणाने होऊ शकते.

आभासी संगणकाचा सर्वांत मोठा उपयोग येथेच आहे. यादी लांब असेल तर आधी त्या फायली घ्याव्यात, ज्यांची छापील प्रत कोठेच शिल्लक नाही.